एकाच काहिलीचे दोन चटके

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात फळ्याखाली असतो, पोटात खडू आणि एक फाटकं डस्टर घेऊन. पांढरा रंग, निळा काठ, घेवड्याच्या दाण्यासारखा बाक. माझ्यामागे तुम्ही मला 'घेवडा' म्हणता, ते मला कळतं बरं का! म्हणा खुशाल. पण खडू सांभाळणं हा काही माझा मूळ धंदा नव्हे. मी दवाखान्यातला.

कारखान्यात पत्रा ठोकून मला हा बाक दिला आणि वर इनॅमल चढवून भट्टीत भाजलं. बाक अशासाठी, की माणसाच्या हातापायाला मी नीट चिकटून बसावं. राहू गावाच्या वाटेवर एका वस्तीत दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. तिथं नर्स ललिताताईंच्या हाताखाली मी पंधरा वर्षं काढली. जखम धुताना त्या मला खाली धरायच्या. घाण पाणी, मळका कापूस, सगळं माझ्यात. बाकीचे लोक माणसाचं तोंड बघतात. मी जखम बघायचो, तीही खालून. काम संपलं की ताई मला उकळून, पुसून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या ट्रेएवढं स्वच्छ वस्तीत कोण न्हाई." मी नुसता फुगून जायचो.

१९९९ सालचा माघ महिना होता. हौसराव आप्पांच्या गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची मोठी कढई, म्हणजे काहील, उतरवताना कलंडली आणि उकळता पाक दोघांच्या डाव्या हातावर उडाला. एक खुद्द मालक, म्हणजे आप्पा. दुसरी चिपाडं वाहणारी चांदबी. दोघं एकाच जीपमधून आली. दोघांचा चटका तळहाताएवढा. पाणी तेच, मलम तेच, पट्टीही एकाच गुंडाळीतली.

बाराव्या दिवशी आप्पांचा हात भरून आला. चांदबीचा मात्र तीन आठवडे झाले तरी ओलाच. दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या रक्तातली साखर तपासली, ती वाढलेली नव्हती. ते म्हणाले, "अजून पंधरा दिवस बघू. नाही भरली तर पुण्याला जाऊन मांडीची कातडी लावावी लागेल." म्हणजे महिना-दीड महिना घरी. तेवढ्यात गुऱ्हाळाचा हंगाम संपला असता आणि तिची जागा दुसरीनं घेतली असती. चांदबीनं हात पदराखाली ओढून घेतला.

ललिताताई तिच्यावर खेकसल्या. "पट्टी सोडून कामाला जातीस, व्हय ना? भिजवतीस!"

"न्हाई ओ ताई, अल्लाची शपथ."

ताईंना पटलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं नाही. त्यांनी पट्टी बांधली, वर चिकटपट्टी लावली आणि जोडावर निळ्या पेनानं सही ठोकली. आता सापडशील, असं मी मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सही जशीच्या तशी होती. पट्टी कोरडी, गाठ न हललेली. आणि आत जखम तशीच ओली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई स्टुलावर बसल्या.

"चुकले गं मी. खातीस का नीट?"

"भाकरी-कालवण दोन टाइम हाय."

"मग घोर कसला लावून घेतलास?"

चांदबी म्हणाली, "सकाळी फाटकावर हरिबा मुकादम बोट दाखवतो, ताई. जिच्याकडं बोट, ती आत. बाकीच्या माघारी. चौदा वर्सं झाली, बोट हलंपर्यंत काळीज लकलक करतंय. आन् आता तर हात पदराखाली झाकून उभी ऱ्हाते."

गुरुवारी ताईंनी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सारखा घोर असला की शरीर सतत पहाऱ्यावर उभं राहतं. मग डागडुजीला बळ कुठलं उरणार? मी हे वाचलंय. पण इथं कुणाला कधी विचारलं नाही."

तेवढ्यात आप्पा आपला हात दाखवायला आले. "बघा बाई, डागबी न्हाई! आमच्या घराण्याचं रक्तच तसलं."

"रक्ताचं काय न्हाई, आप्पा," ताई म्हणाल्या. "तुम्हाला उद्याची खात्री हाय. चांदबीला न्हाई. तिला एवढंच सांगा, की हंगामभर काम तुझंच."

"एवढ्यानं जखम भरती व्हय?"

"मला तरी काय ठावं? करून बघू."

आप्पांनी आपल्या नव्या कातडीवरून हात फिरवला. मग बाकावर बसलेल्या चांदबीला म्हणाले, "पाडव्यापतूर फाटकावर उभं ऱ्हायचं न्हाई. थेट आत यायचं."

मलम बदललं नाही, भाकरी बदलली नाही. पण आठव्या दिवशी जखमेला गुलाबी कड आली. ती सगळ्यांत आधी मी पाहिली, कारण मी खाली होतो! पुण्याला जावं लागलं नाही. डाग मात्र राहिला.

पुढच्या हंगामात चांदबी गुऱ्हाळावर तिच्यासोबत राबणाऱ्या साखरबाईला घेऊन आली. तिच्या पायाची चीर महिनाभर भरत नव्हती. ताईंनी मला उचललं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी फाटकावर उभी ऱ्हातीस का?"

उत्तर चांदबीनं दिलं. "आम्ही दोघीबी ऱ्हातो, ताई. आप्पांचा सबूद गेल्या पाडव्यापतूरच हुता न्हवं."

ताईंनी पट्टी बांधली. मग मला न धुताच ठेवून, चपला घालून त्या गुऱ्हाळाकडे निघाल्या. पंधरा वर्षांत असं एकदाच झालं.

मित्रांनो, तुमच्यातला कुणी सारखा आजारी पडला, कुणाचं खरचटलेलं बरं होईना, तर त्याला निष्काळजी नि खोटारडा म्हणू नका. माझ्यासारखी चूक करू नका. आधी त्याला विचारा, तुला कसला घोर लागलाय.

आणि हो, ताईंचं मागणं ऐकून आप्पा दोन आठवडे धुसफुसले. पण त्या साली गुऱ्हाळाच्या फाटकावर एक फळी लागली आणि हंगामभराची नावं तिच्यावर खडूनं लिहिली गेली. म्हणून खडू सांभाळायला मला आता कमीपणा वाटत नाही.