मिशरीच्या डबीत चटणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. रंग उडालाय, पण झाकण अजून घट्ट बसतं. बीडच्या बाजारातून दगडाबाईंच्या घरी आले तेव्हा माझ्यात लाल दंतमंजन होतं. माझ्याआधी या घरात बाभळीची काडी, मीठ आणि गोवरीची राखुंडी चालायची. फळीवरच्या टूथपेस्टच्या ट्यूबला आपल्या घराण्याचा फार अभिमान. ती सांगते, हजारो वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये अंड्यांच्या कवचाची पूड दातांना लावत. पेस्टसुद्धा आधी बरणीत मिळे, ट्यूब नंतर आली.

मंजन संपलं आणि दगडाबाईंनी माझ्यात मिशरी भरली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बारीक चुरलेली. रोज सकाळी शेजारणी ओट्यावर जमत, मी हातोहात फिरे. बोटं हिरड्यांवर, कान गप्पांकडे. माझा मान मोठा होता.

यंदा गावात दातांचं शिबिर झालं. डॉक्टरांनी दगडाबाईंच्या हिरडीवरचा पांढरा डाग पाहिला. मिशरी सोडली तर तो जाऊ शकेल, नाही तर पुढे कॅन्सरचा धोका आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दगडाबाई घरी येऊन मला हातात धरून बसल्या, पण झाकण उघडलं नाही.

"आत्याबाई, कावून बोलत न्हाई तुमी?" त्यांच्या सुनेनं, मायानं विचारलं.

"मिशरी सोडीन गं. पन वट्यावर कोन येईल मग? बाया काय माझं थोबाड बघायला येत्यात?"

मायानं त्याच संध्याकाळी मिशरी उकिरड्यावर टाकली, मला घासूनपुसून उन्हाची ऊब असलेल्या पत्र्यावर वाळवलं आणि माझ्यात कारळ्याची चटणी भरली. तीही काळीच. सकाळी शेजारच्या सुनिताबाई आल्या, बोलता बोलता मला उघडलं आणि सवयीनं चिमूटभर हिरड्यांना चोळली.

"आगं, लई तिखट हाय की ही! मिशरीत मिरची कुनी घातली?"

दगडाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"काकू, भाकर आनू का?" मायानं दारातून सुनिताबाईंना विचारलं.

"आन बाई. तोंड तर आता पोळलंच हाय."

भाकरी आली, आणखी दोघी आल्या. दगडाबाईंनी डागाची गोष्ट सांगितली. ऐकून कुणी उठून गेलं नाही.

"मंग माझंबी तोंड दाखवावं लागंल," सुनिताबाई म्हणाल्या. "जाऊ संगंच."

पुढचे दिवस सोपे नव्हते. दगडाबाईंचं डोकं दुखे, त्या विनाकारण चिडत. पण शेजारणी रोज येत, आणि त्या चिडल्या की त्यांना आणखी चिडवत. परवा डॉक्टरांनी पाहिलं, तेव्हा डाग बराच फिका झाला होता.

मित्रांनो, सकाळी आणि झोपताना दात नीट घासा. तोंडातला डाग किंवा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या घरात कुणी मिशरी लावत असेल, तर नुसती डबी हिसकावून घेऊ नका. थोडा वेळ त्यांच्याजवळ जाऊन बसा.