डावा खिसा

गेल्या वर्षी शाळेच्या वार्षिक अंकात टकळीची गोष्ट पहिल्या पानावर छापून आली आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. त्या गोष्टीनंतर तिची मान जी ताठ झाली ती झालीच. वर्गातल्या मुली गंमत म्हणून सही मागायच्या, ही खरंच द्यायची. धाकट्या भावालाही तिने एक दिली. त्याने मागितली नव्हती.

मग नववी सुरू झाली आणि सुचायचंच बंद झालं. नळाचं पाणी जाताना होतं तसं, आधी थेंब थेंब, मग नुसती फुसफुस. नवा अंक तोंडावर आला. शुक्रवारपर्यंत गोष्ट दिली नाही तर पहिलं पान दुसऱ्या कुणाचं होणार होतं. पान गेल्याचं दुःख तिने गिळलं असतं. पण पोटात एक वेगळाच गोळा होता आणि इतकी बडबडी असूनही तो तिने कुणालाच सांगितला नव्हता. ती पहिली गोष्ट चुकून तर जमली नसेल?

अंकाचं काम ग्रंथालयाच्या बाईंकडे होतं. त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि बुटांचा एक रिकामा खोका तिच्या हातात ठेवला. आत पन्नास चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एका गोष्टीची सुरुवात. एक काढायची आणि पुढे लिहीत सुटायचं. टकळीने काढली, 'दार हळूच उघडलं आणि…' तिने दार उघडलं. आत चिटपाखरू नव्हतं. 'तुम्हाला पंख फुटले तर' यावर तीन ओळी झाल्या, मग तिने ते पंख घडी घालून ठेवून दिले. 'जुन्या पेटीत एक पत्र सापडलं.' तेही कोरंच निघालं. आठवड्याभराने तिने खोका परत केला आणि फार उपयोग झाला असं धडधडीत खोटं सांगितलं.

शाळा सुटली की ती मावशीच्या दुकानात जाऊन बसायची. मावशी नवे कपडे शिवत नसे. लोकांचे जुने कपडे आखूड करायचे, सैल करायचे, उसवलेलं सांधायचं, हे तिचं काम. दुकानाचा कायदा एकच, चिठ्ठीशिवाय कात्री नाही. गिऱ्हाइकाने काय सांगितलं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी सेफ्टी पिनने कपड्याला टोचायची. दिवसाला तीस-चाळीस कपडे, डोक्यात किती ठेवणार, असं मावशीचं म्हणणं.

त्या सोमवारी टकळी आलेले कपडे हँगरला लावत होती. पँट, दोन बोटं आखूड. फ्रॉक, काखेत सैल. मग एक राखाडी कोट आला. त्याची चिठ्ठी मावशीने दुपारीच लिहिली होती, 'डावा खिसा कायमचा शिवून बंद. उजवा राहू दे.'

टकळीचा हात तिथेच थांबला. खिशाचं भोक बुजवायला लोक येतात, खिसा मोठा करायला येतात. पण चांगला धडधाकट खिसा कायमचा बंद कोण करून घेतं? आणि एकच का?

नजरेसमोर असावी म्हणून तिने चिठ्ठी काढून वहीवर ठेवली आणि लिहायला लागली. एक आजोबा होते. ते नातीला रोज शाळेत सोडायचे आणि थंडीत ती आपला गार हात त्यांच्या कोटाच्या खिशात घालायची. नात मोठी झाली, दूर गेली. आजोबांचा हात मात्र खिशात जाऊन तिचा हात शोधत राहिला. शेवटी एक दिवस ते शिंप्याकडे गेले. गोष्टीत गाड्या आजोबांच्या डाव्या हाताने जात होत्या, म्हणून नात उजवीकडून चालली आणि खिसाही उजवा झाला. बुधवारी शेवटचं वाक्य लिहून झालं तेव्हा टकळी इतका वेळ गप्प होती, की मावशीने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

गुरुवारी सकाळी तिने गोष्ट बाईंना दिली. संध्याकाळी दुकानात शिरली तर मावशी तो कोट घेऊन उभी.

"याची चिठ्ठी कुठे गेली गं?"

टकळीने दप्तर उलटं केलं, वही झटकली, चिठ्ठी नाही. मावशी ओरडली नाही, आणि हेच जास्त वाईट होतं. उद्या पाचला गिऱ्हाईक येणार, एवढंच ती म्हणाली. काय लिहिलं होतं ते तिला आठवत नव्हतं.

"मला पाठ आहे," टकळी म्हणाली. "उजवा खिसा कायमचा बंद."

"नक्की?"

"मावशी, तीन दिवस मी त्याच खिशात राहतेय."

शुक्रवारी शाळा सुटता सुटता बाईंनी तिला बोलावलं. गोष्ट त्यांना फार आवडली होती, पहिल्या पानावर घेणार होत्या. फक्त एक शंका होती. पानांना सेफ्टी पिन होती आणि पिनेत वर एक चिठ्ठी टोचलेली. रोजच्या सवयीने टकळीने गोष्टीलाही चिठ्ठी लावून दिली होती.

"ही गोष्टीतलीच का गं? गोष्टीत उजवा खिसा आहे आणि इथे डावा."

पहिल्या पानाचं टकळीच्या कानात शिरलंच नाही. तिने चिठ्ठी घेतली आणि पळत सुटली.

दुकानात कोपऱ्यावरचे घड्याळजी कोट घालून उभे होते आणि उजव्या हाताने बंद खिसा चाचपत होते. भिंग ठेवू कुठे, असं ते मावशीला विचारत होते.

"डावा," टकळी धापा टाकत म्हणाली. "डावा होता. उजवा माझ्या गोष्टीतला. चूक माझी आहे, मावशीची नाही."

मावशीने चिठ्ठी वाचली. मग घड्याळजींच्या खिशाकडे वाकून धाग्याचं एक टोक धरलं आणि ओढलं. सगळा धागा सरसर बाहेर आला आणि खिसा पहिल्यासारखा उघडला.

"कच्चे टाके," ती म्हणाली. "माणूस अंगात घालून बघेपर्यंत मी पक्का टाका मारत नाही. माझा विश्वास आहे तुझ्यावर, पण एवढा नाही."

टकळी स्टुलावर मटकन बसली. मग तिने घड्याळजींना विचारलंच, डावा कशासाठी? तर काम करताना त्यांचा डावा हात बारके स्क्रू नकळत त्या खिशात टाकायचा. तिथून ते अस्तरात जायचे आणि मग कपडे धुताना सापडायचे. खिसा बंद करा, नाहीतर कपडे तुमचे तुम्ही धुवा, असं बायकोने बजावलं होतं. नातवंडांचं विचारलं तर चार होती, पण खिशात हात घालायची एकालाही परवानगी नव्हती.

टकळीला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. कुणीही कुणासाठी झुरत नव्हतं. किती बरं वाटलं ते ऐकून.

घड्याळजी गेल्यावर मावशी म्हणाली, "कोट समोर टांगलेला, आणि तू कागदावरच्या खिशाची खात्री दिलीस. मीसुद्धा फसले. वाच बरं ती गोष्ट एकदा."

पोटातला गोळा कधी विरघळला ते टकळीला कळलंच नव्हतं. चुकून जमलेल्या गोष्टीत कुणी तीन दिवस राहत नाही. गोष्ट बाईंकडे होती, म्हणून तिने ती तोंडी सांगितली. मावशीने पूर्ण वेळ मशीन बंद ठेवलं.

मग उरलेले कपडे लावताना एक स्वेटर हाती लागला. 'कोपरावरचं भोक तसंच ठेवणे. बाकी सगळं नीट करणे.' टकळीने ते दोनदा वाचलं. या वेळी तिने पिनेला हात लावला नाही. वही काढली आणि शब्दन् शब्द उतरवून घेतला.