माय न्हवं, मायो

औंढ्याच्या गंगूताईंवर आयुष्यात एकच ग्रीक शब्द पाठ करायची वेळ आली, आणि तोही पोटच्या लेकीच्या आजाराचा. रेवती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते गंगूताईंच्या डोक्यावरून गेलं. घरी आल्यावर रेवतीने टेबलावर बोट आपटत, वर्गात करायची तशी त्या शब्दाची फोड केली.

"अ-मा-यो-ट्रॉ-फिक. अ म्हंजे न्हाई. आपल्या 'अशक्त'मधला अ हाय ना, तसाच. मायो म्हंजे स्नायू. ट्रॉफिक म्हंजे पोषणाचं. स्नायूला पोषण न्हाई, असा आजार."

"अ-माय-ट्रॉफिक," गंगूताई म्हणाल्या.

एवढ्या दुःखातही रेवती खुदकन हसली. "माय न्हवं गं, माय! मायो!"

जीभ हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज दुपारी दोघी हाच शब्द घोकू लागल्या. गंगूताईंना तो आठवड्याभरात बिनचूक येऊ लागला, पण त्या मुद्दाम चुकत राहिल्या. रेवतीचं बोलणं आटत चाललं होतं. साधी हाक मारायचीही तिला तकलीफ व्हायची. पण आई चुकली की तिच्यातली मास्तरीण गप्प बसत नसे. "माय न्हवं गं, माय." एका चुकीला दोनदा माय! शेजारच्या गोजरबाईंना वाटायचं, म्हातारीला एक शब्द येईना. वाटू दे बापडीला.

पावसाळा सरता सरता रेवतीच्या तोंडून फिक गेला, मागोमाग ट्रॉ गेला. दिवाळीनंतर ओठ मिटेनासे झाले. तरीही गंगूताई आशेने बाजेवर बसल्या, लेकीचा हात मांडीवर घेतला.

"अ-माय-ट्रॉफिक. बराबर हाय का, रेवा?"

"अ..." रेवती म्हणाली. ओठ थरथरले, पण मिटले नाहीत; म उमटलाच नाही. "अ... अ..." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

आपल्या हावेपायी आपण आजारी लेकराला छळतोय, याची गंगूताईंना लाज वाटली.

"राहू दे, माझी बाई. आलं मला." त्यांनी तिच्या तळहातावर बोट टेकवत म्हटलं, "अ-मा-यो-ट्रॉ-फिक."

रेवतीने पापण्या मिटून शाबासकी दिली. गंगूताई पदर तोंडात कोंबून रडल्या. आता पुन्हा चुकायला काही कारणच उरलं नव्हतं.