मारुतीच्या वळणावरची तोफ

"तात्या, पट्ट्यावर चालतो तो रणगाडा. ही चाकावरची तोफ हाय. आठ चाकं. आता किती बारी सांगू?"

"मला शिकवू नको बे. नववीतून पळालेलं पोरगं तू."

हरिओमनं ब्रश डब्यात असा आपटला की हिरवा रंग उडून तात्यांच्या पांढऱ्या पायजम्याच्या पार जवळ पडला. सोमेश्वर फौजेच्या तोफखान्यातून रिटायर होऊन आज गावात येणार, तर त्याची मिरवणूक तोफेवरूनच निघाली पाहिजे, ही अर्जुनराव तात्यांची टूम. टूम त्यांची आणि राबला हरिओम. उसाच्या ट्रॉलीला पत्रे ठोकले, जुन्या टायरी बांधून चाराची आठ चाकं केली, मोबाईलवर बघून बघून नळी बसवली. आणि तात्या रोज चहा पिऊन यायचे अन् काहीतरी बिघडवून जायचे.

एरवी त्यानं कधीच सगळं टाकून दिलं असतं. पण सोमेश्वरचा मेव्हणा सुग्रीवशेठ मिरवणुकीला येणार होता. माजलगावात ट्रकच्या बॉडी बांधायचं त्याचं वर्कशॉप. तात्या म्हणाले होते, काम बरं दिसलं तर तुला त्याच्याकडं चिकटवून देतो. नाही जमलं तर हाय दिवाळीनंतर आई-बापाच्या मागं ऊसतोडीचा कोयता.

म्हणून हरिओमनं राग आवळून पुन्हा समजावलं. "पट्ट्याची गाडी लांब न्यायची तर दुसऱ्या ट्रेलरवर चढवावी लागती. ही सिरसाळ्यातून निघाली तर जीपवानी पळत माजलगाव गाठंल. थांबली की हे मागचे पाय जमिनीवर टेकवायचे, न्हाईतर गोळा सुटला की गाडीच हादरंल. गोळा जातो तीस-चाळीस किलोमीटर. टाकला की पाय उचलायचे अन् तिथून पळायचं. समोरच्याला कळतं ना गोळा कुठून आला ते."

"पळायचं?" तात्यांनी डोळे वटारले. "आपली फौज पळती असं दाखवायचं व्हय गावाला?"

"पळत न्हाई, जागा बदलती."

"एकच ते. काढ ते पाय. लंगडी दिसती गाडी."

पाय निघाले. मग तात्यांची नजर नळीवर गेली. हरिओमनं ती जीपच्या चाकाच्या जुन्या हबवर बसवली होती, एका हातानं ढकलली तरी गोल फिरायची. त्याला सगळ्यात भारी तेच वाटायचं. पण नळीवर तात्यांचा फोटो असलेला फ्लेक्स बांधायचा होता, आणि नळी फिरली की तात्यांचं तोंड उकिरड्याकडं व्हायचं.

"ही फिरती कावून?"

"तोफ हाय तात्या. फिरणारच की."

हरिओम भाकर खायला घरी गेलता, तेवढ्यात नळी फिरूच नये म्हणून तात्यांनी डीजेवाल्याच्या माणसाकडून हब वेल्डिंग करून घेतला. वर नळी आखूड दिसती म्हणून पाण्याचा अजून एक पाइप पुढं जोडला. नळी आता ट्रॅक्टरच्याही पुढं गेली होती. हरिओम आला, बघितलं आणि डोक्याला हात लावून टायरीवर बसला. मिरवणुकीची वेळ झाली होती.

सोमेश्वर हार घालून ट्रॉलीवर चढला. हरिओमनं त्याला गाठलं. "दादा, तुमीच सांगा तात्याला. तुमच्या तोफेची नळी फिरायची का न्हाई?"

सोमेश्वर ओशाळून हसला. "बाळा, आमची तोफ गाडीमागं वढत न्यायची होती. ही चाकावरची मीबी मोबाईलवरच बघितली."

घ्या आता.

गावात नवरदेव असो का नवा ट्रॅक्टर, मारुतीला वळसा घातल्याशिवाय घरी जात नाही. देवळाच्या कोपऱ्यावर ट्रॅक्टर वळला आणि नळीचं टोक विजेचा खांब आणि देवळाचा उंच कठडा यांच्या मधी जाऊन बसलं. पुढं सरकेना. मागं डीजेचा पिकअप, त्याच्या मागं अख्खं गाव नाचतंय.

"वळसा राहू द्या," कुणीतरी म्हणालं.

"मग मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहणार न्हाई," सोमेश्वरची आई वच्छलाबाई म्हणाली. विषय संपला.

तात्या ओरडले, "कठडा पाडा दोन फूट."

"देवळाचा?" हरिओमचं डोकं सणकलं. "वेल्डिंग केलं नसतं तर ढकलली असती बाजूला. आता देऊळ पाडा, खांब पाडा, तुमचा फ्लेक्स तेवढा राहू द्या."

सुग्रीवशेठ खाली उभा राहून बघत होता. नळी कापायची म्हणजे त्याच्या डोळ्यासमोर आपलंच काम तोडायचं. हरिओमनं दोन-तीन शिव्या तोंडातल्या तोंडात घातल्या, आरी घेतली आणि वर चढला. कापली तर हबच्या जवळच कापली, सरळ, एका रेघेत. नळी धाडकन खाली आली, तात्यांच्या फोटोसकट. बिननळीची तोफ मारुतीला वळसा घालून गेली.

सुग्रीवशेठनं ट्रॉली थांबल्यावर हबवर हात फिरवला. "खाली बेअरिंग जीपचं हाय का?"

"हाव."

"वेल्डिंग कुणाचं?"

"माझं न्हाई."

"ते दिसतंय. अन् पाय? ह्याला मागून पाय असत्यात."

"तात्याला इचारा," हरिओम फणकारला.

"मला कुणाला इचारायला वेळ न्हाई. उद्या एक बॉडी द्यायचीय अन् कारागीर पळालाय. येतो तर आत्ता ये. गाडी चालू हाय."

तिकडून तात्या चिखलातला फ्लेक्स हातात धरून आले. "हरिओम, नळी जोड आधी. फोटो काढायचेत."

"दुसऱ्याला सांगा तात्या. मला आता निघायचंय."