लाल दिव्याखालचं बोलणं

मले कशाले बोलायले लावता गा? सारा जन्म दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, आता म्हणता आपलं सांग. सांगतो. पण खरं ऐकून घ्यायची नागपूरच्या या ऑफिसले सवय नाही, हे आधीच बजावतो.

मी मीटिंगच्या टेबलावरचा स्पीकरफोन. कोणत्या कारखान्यात जन्मलो, ठाऊक नाही. खोक्यातून निघालो तो थेट या काचेच्या खोलीत. इथली पोरं अन् जर्मनीतली माणसं मिळून गोदामांच्या गाड्या सोडणारं एक सॉफ्टवेअर सांभाळत. मधात मी.

माझ्या डोक्यावर एक बटण. दाबलं की लाल दिवा लागते, इकडचा आवाज तिकडं जात नाही. इथली रीत अशी, की लाल दिव्यात आपसात मराठीत भांडायचं, मग बटण सोडून मोहितसाहेबानं एकट्यानं गोड इंग्रजी बोलायचं. म्हणून बटणाजवळ बोट आलं की मले शंका येते : आता काय लपवतात?

एकदा तिकडच्या मुख्य उर्सुलाबाईनं विचारलं, "शुक्रवारी जुना सर्व्हर बंद करू. कोणाची हरकत?"

मोहितनं बटण दाबलं.

कळमेश्वरहून येणारी गुंजन म्हणाली, "सर, बुटीबोरीच्या गोदामाच्या गाड्या अजून त्याच्यावरूनच सुटतात. थांबवा त्याईले."

"तोंडावर 'नाही' म्हणत नसतात वं. मागून मेल टाकू," मोहित म्हणाला. बटण सुटलं. "नागपूरकडून काहीच अडचण नाही!"

मेल कोण टाकते! शनिवारी गोदामात गाड्या उभ्याच्या उभ्या.

सोमवारी बाई तापली. "हे काम गुंजनचं. तिनं सांगितलं काहून नाही? काढा तिले यातून."

मोहित गडबडला. "सांगितलं होतं तिनं. आमचा फोनच खराब आहे, आवाज गेला नाही."

"आता तर चांगला येऊन राहिला!"

मोहितचं बोट बटणाकडं सरकलं. गुंजननं मले झटक्यात आपल्याकडं ओढलं. "फोन धडधाकट आहे, मॅडम. मी बोलली, पण इकडं बटण दाबून ठेवलं होतं."

मले वाटलं, गेली पोरीची नोकरी.

मग बाई म्हणाली, "गुंजन, यापुढं तुझ्या कामाचं तूच सांगत जा."

पोरगी तरली. मी नाही. आपली बात राखायले मोहितनं नवा फोन मागवला, माझ्यावर 'खराब' अशी चिठ्ठी डकवली अन् मले कपाटात तुटक्या कीबोर्डांवर फेकलं.

वायर लावून पाहा कोणीही, माझा आवाज अजून खणखणीत आहे. गुंजन येऊन ती चिठ्ठी फाडून गेली. कपाटाचं दार वाजलं की मी कान देतो. काही ना काही घ्यायले साऱ्या ऑफिसचे हात येऊन गेले इथं. ज्यानं माफी मागायले यावं, तो एकच आला नाही : मोहित.