दाखल्यापुरती बोली

इस्पितळाच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंची भाषा इतकी स्वच्छ होती, की पलीकडचा माणूस कण्हायचं सोडून नीट बोलायला लागे. ही स्वच्छता फुकटची नव्हती. लग्न होऊन त्या डोंगरातून खाली शहरात आल्या, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं की सासूबाई नाक मुरडायच्या आणि जावा खुदुखुदु हसायच्या. वर्षभरात बाईंनी आपली बोली अशी गिळली, की पुन्हा ढेकरसुद्धा दिला नाही.

आता लेकीचं नर्सिंग नेमकं त्याच बोलीवर अडलं होतं. वर डोंगरातल्या कॉलेजात तिकडच्या मुलींसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. आई तिकडची असल्याचा दाखला हवा, आणि तो डोंगरच्या लोकांचं प्रांतमंडळ देणार, तेही आईचं बोलणं ऐकून. अर्जाची मुदत आज संपत होती.

मंडळाच्या खोलीत टेबलामागे दोन म्हातारे बसले होते. लहानपणाबद्दल बोला, म्हणाले. बाई बोलायला लागल्या, पण तोंडातून इस्पितळाचा टेलिफोनच बोलत होता. घर, शेळ्या, पाण्याची वाट, सगळं आठवत होतं आणि सगळं खालच्या भाषेत. लेक शेजारून कोपराने ढोसत होती. शेवटी चष्मेवाल्या म्हाताऱ्याने फाइल मिटली.

"बाई, तुम्ही आपल्यातल्या नाही. खालच्याच दिसता."

बावीस वर्षं खाली 'तुम्ही वरच्या' म्हणून ऐकलं, आणि आता वरचे हे म्हणतात. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घशातून एक अख्खं वाक्य बाहेर पडलं, अस्सल डोंगरी, हेलासकट. खालचा कोणी व्यापारी चढून आला, की त्यांचे वडील अंगणातून हेच ओरडायचे. खालच्यांनो, आपली घाण उचला आणि चालते व्हा, असा त्याचा अर्थ.

दोघे म्हातारे खदखदून हसले. एकाने डोळे पुसले, दुसऱ्याने शिक्का उमटवला. ताई, हे आधीच बोलायचं ना, म्हणाले.

जिन्यात लेकीने दाखला छातीशी धरून विचारलं, "आई, काय म्हणालीस तू?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. लेकीचा बाप खालचा. नाक त्याचं, चालणं त्याचं. मग आपण घाण म्हटलं ते कुणाला, हे बाईंना उमगेना. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. त्यातलं खरं कोणतं, तेही कळेना.

"जुनं काहीतरी," त्या म्हणाल्या. "तिकडे म्हणतात."

"मग मला शिकव. तिथल्या मुलींनी मला खालची म्हणायला नको."

नाही म्हणायचं राहूनच गेलं. लेक पायरीपायरीला ते वाक्य, कानावर पडलं तसं, घोळवू लागली. दारापर्यंत बरंच बसलं, फक्त शेवटचा हेल चुकत होता. बाईंनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांना राहवलं नाही, आणि त्यांनी तो नीट करून दिला.