अर्धी कंगवा जेली

मत्स्यालयाच्या मागच्या खोलीत काम करणाऱ्या बाईला सगळे हट्टीताई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. समुद्रातून आणलेल्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या नऊ कंगवा जेली तिने वाडग्याने एकेक करून टाकीत सोडल्या होत्या. जाळी लागली तरी त्यांचं अंग फाटतं. अक्रोडाएवढं, काचेसारखं नितळ अंग. त्यावर उभ्या आठ ओळी, ओळीओळीत केसांचे इवलाले कंगवे वल्ह्यांसारखे हलणारे. उजेड पडला की त्यांतून लाल, हिरव्या, निळ्या लाटा पळत.

सोमवारी सकाळी ती आली तर आठ जणींचा पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी लगदा झालेला. नववी अर्धी उरली होती.

मत्स्यालयाच्या साहेबांनी डोकावून पाहिलं. "झालं! टाकी धुऊन घ्या, खेकडे सोडू."

"ही जिवंत आहे, साहेब. चार ओळी हलताहेत, बघा."

"अर्ध्या जेलीला कोण बघायला येणार?"

"आठवडा द्या."

"आठवडा म्हणजे सातच दिवस हं!" साहेब कपाळावर हात मारून गेले.

तिने तडक वडिलांना फोन लावला. त्यांची हयात नळ जोडण्यात गेली होती. "बाबा, गोल टाकी हवी. कोपरा नको, आणि पाणी अलगद फिरायला हवं."

"गुडघ्यांनी संप पुकारलाय गं माझ्या," बाबा कुरकुरले, पण दुपारी पिंप आणि पाइप घेऊन हजर! पहिला जोड गळला, दुसराही गळला. "गळू दे," ती बाही सारत म्हणाली, "पुन्हा करू." तिसऱ्या खेपेला पाणी गोल फिरू लागलं. पंपाच्या तोंडासमोर त्यांनी मोठं, बारीक विणीचं कापड ताणून बसवलं, म्हणजे ओढ एका जागी लागणार नाही.

अर्धी जेली वाडग्यातून नव्या घरी गेली. ताई दिवसातून चारदा ड्रॉपरने सूक्ष्म कोळंबीची पिल्लं तिच्यापुढे सोडी. बुधवारी जखम मिटली. शुक्रवारी त्या बाजूला पुसट रेघा उमटल्या. रविवारी ताईने भिंगातून मोजलं. आठ! नव्या चार आखूड होत्या, त्यामुळे स्वारी कलंडत पोहत होती.

सोमवारी साहेब आले आणि बराच वेळ टाकीपाशी वाकून उभे राहिले.

"आणखी दोन पिंपं मिळतील?" त्यांनी विचारलं.

"मिळतील," ताई म्हणाली. "बाबांच्या गुडघ्यांशी तेवढं तुम्ही बोला."